समोरचा कितव्या डावाला शिकतो

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात. बाई माणूस दिवसभर टीव्हीसमोर बसून गेम खेळते आणि त्यावर घर चालतं, हे बाभुळगावात कुणालाच पटत नाही. शेजारच्या काकू तर दारात उभ्या राहून विचारून गेल्या, "काय वं, तुले दुसरं काम नाही भेटलं काय?" मी म्हटलं, नाही भेटलं. खरंच नाही भेटलं. आधी मी एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. कोरोनात तो क्लास बंद पडला तो पडलाच, त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. माझी मावसबहीण नागपूरला गेम तपासणाऱ्या एका कंपनीत आहे, तिने मला चिकटवून दिलं.

गेम अमेरिकन फुटबॉलचा. नाव फुटबॉल, पण चेंडूला पाय क्वचितच लागतो. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा, आणि तो काखेत मारून पळायचा नाहीतर पुढच्या गड्याकडे फेकायचा. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार संधी, नाहीतर चेंडू समोरच्याला. एवढं डोक्यात शिरायला मला दोन आठवडे लागले. दोन्हीकडचे गडी समोरासमोर वाकून उभे राहतात ते पाहून मी मावसबहिणीला फोनवर म्हटलं, ही तर आपली कबड्डीच आहे, हेल्मेट घातलेली. ती म्हणाली, रिपोर्टात असं लिहू नको बरं.

माझ्या वाट्याला काम आलं ते एवढंच की, समोरून जो कम्प्युटर खेळतो तो शिकतो का, हे पाहायचं. त्यासाठी मी एकच डाव पुन्हा पुन्हा खेळायचा. चेंडू घेऊन डावीकडून पळ. परत डावीकडून पळ. परत डावीकडून. खऱ्या माणसाला तिसऱ्या वेळी कळेल की ही बाई डावीकडेच जाते, आणि तो तिकडे माणसं उभी करेल. कम्प्युटरला कितव्या वेळी कळतं ते मोजायचं आणि तक्त्यात भरायचं. तक्त्याला चार रकाने: डाव कोणता, कितवी वेळ, समोरच्याने काय बदललं आणि शेवटी माझं मत. शेवटचा रकाना वर कुणी वाचत असेल असं मला कधी वाटलं नाही.

सोप्या पातळीवर तो काही म्हणजे काही शिकत नाही. चाळीस वेळा मी डावीकडून गेले आणि चाळीस वेळा त्याचे गडी उजवीकडे तोंड करून उभे. पहिल्या दिवशी मला मजा वाटली, दुसऱ्या दिवशी त्याची कीव आली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी हातात कंट्रोलर धरूनच मला डुलकी लागली. मधल्या पातळीवर तो सहा-सात वेळांनी जागा होतो. डावीकडे एक गडी वाढवतो. मग मी उजवीकडून जाते. तीन वेळांनी तो गडी उजवीकडे नेतो आणि डावीकडचं साफ विसरतो. मग मी पुन्हा डावीकडून. असं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. घाण्याला जुंपलेला बैल तो होता की मी, ते मला कधी ठरवता आलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी नवी मॅच लावली की त्याची पाटी कोरी. आदल्या दिवशी शिकलेलं सगळं पाण्यात.

पण मी थकले ती या कामाने नाही. थकले ती घरात जो दुसरा सामना चालू होता, त्याने.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे. नवरा उमरखेडला नोकरीला, शनिवारी येतो आणि रविवारी दुपारच्या एसटीने परत जातो. मुलगी शिकायला अमरावतीला. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. सासरे ऐंशीच्या पुढचे, जन्मभर बैलांमागे चाललेले, आता शेत बटईने देऊन बैठकीत बाजेवर बसलेले. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात, तशी मीही म्हणते. टीव्ही बैठकीतच असल्यामुळे मी खेळत असले की मामाजी माझ्या पाठीमागे, बाजेवर. त्यांना त्या खेळातलं काही कळत नव्हतं, पण हटत नव्हते. मोतीबिंदू काढल्यापासून नजर घारीची झालेली.

दसऱ्यानंतर त्यांना झटका आला. हलका होता. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं, डावा हात दोन दिवस जड राहिला, मग सगळं जागेवर आलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली आणि मला दाराशी थांबवून म्हणाले, "हा झटका सांगून गेलाय. पुढचा सांगणार नाही. गोळी एक दिवसही चुकता कामा नये." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, बसा, तुमचंही बघतो. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि रक्तदाबाची एक गोळी मलाही लिहून दिली. येताना मेडिकलमधून दोघांच्या पट्ट्या एकदमच घेतल्या आणि घरी आल्यावर फ्रिजवर ठेवल्या. आमचा फ्रिज बैठकीत आहे, बाजेच्या समोर, कारण स्वयंपाकघरात तो मावत नाही. माझी गोळी मी काही दिवस घेतली, मग राहून गेली. सकाळी त्यांचा चहा, पोळी, गोळी, आंघोळीचं पाणी करेपर्यंत दहा वाजायचे आणि मॅच सुरू व्हायची. मला काही होतही नव्हतं. जिने चढताना जरा भोवळ यायची, एवढंच.

पंधरावा दिवस असेल. दारातल्या सदाफुलीला पाणी घालताना कुंडीत पांढरं काहीतरी दिसलं. बोटाने माती उकरली. चार गोळ्या निघाल्या, भिजून फुगलेल्या.

मी त्या तळहातावर घेऊन बाजेसमोर उभी राहिले. "मामाजी, हे काय होय?"

त्यांनी शांतपणे पाहिलं. "सदाफुलीचं बी असन."

पंधरातून चार वजा, म्हणजे अकरा दिवस गोळी पोटात गेली होती. मोजण्याची मला सवयच लागली होती. त्या दिवशी मी एक शंभरपानी वही काढली आणि कामावरच्या तक्त्यासारखेच रकाने आखले. पहिल्या ओळीत लिहिलं: सरळ हातावर दिली, अकरा दिवस घेतली, बाराव्या दिवसापासून थुंकली. हसू नका. मी खरंच घाबरले होते. डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या कानात बसलं होतं, आणि घरात मी एकटी. त्यांना काही झालं असतं तर त्यांच्या लेकाने मला शब्दाने विचारलं नसतं, पण मी स्वतःला विचारलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी दिल्यावर समोर उभी राहू लागले. "तोंड उघडा. जीभ वर करा." ते उघडत. जिभेखाली काही नाही. सहा दिवसांनी उशीच्या अभ्र्यात गोळ्या सापडल्या. उजव्या दाढा पडून तिथे खळगा झालाय, त्यात ते गोळी दडवत होते. मग मी गालातही बघायला लागले. तर गोळी खाऊन, पाणी पिऊन, तोंड दाखवून झाल्यावर ते न्हाणीत जाऊन खाकरून काढू लागले. मी गोळी कुटून वरणात घातली. त्यांनी पहिला घास उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि ताट सरकवून मांजराला हाक मारली. डॉक्टरांना फोन केला तर ते माझ्यावरच ओरडले, ही गोळी कुटायची नसते म्हणून. नवऱ्याने व्हिडिओ कॉल करून दम दिला, तो चार दिवस चालला. पाचव्या दिवशी फोन लागताच मामाजी म्हणाले, "आवाज येत नाही बाप्पा," आणि तोंड फिरवलं. आवाज छान येत होता.

एकदा मी विचारलंच, काहून नाही घेत तुम्ही? तर म्हणाले, "तुह्या सासूनं बारा वर्षं खाल्ल्या." 

म्हणजे पाहा, दिवसभर माझ्यासमोर एक जण, जो सात वेळा मार खाऊन एक पाऊल सरकतो आणि सकाळी सगळं विसरतो. आणि पाठीमागे बाजेवर दुसरा, जो माझी कुठलीही युक्ती आठवडाभरही टिकू देत नाही आणि काही म्हणजे काही विसरत नाही. माझ्या कंपनीला पाहिजे होता तसला खेळाडू आमच्या बैठकीत बसला होता.

अशातच मला अवघड पातळी तपासायला मिळाली, आणि तिथे मी चाट पडले. त्या मॅचमध्ये एकदाही न खेळलेला डाव मी निवडला, लांब उजवीकडे फेक, आणि त्याचे गडी आधीच उजवीकडे. परत नवा डाव, परत तो तयार. मी रिपोर्टात लिहिलं की हा फार लवकर शिकतो, जवळजवळ माणसासारखा. मावसबहिणीचा निरोप आला की वरचे लोक खूश आहेत. कधी नव्हे ते मलाही बरं वाटलं.

मामाजी मागून म्हणाले, "थो शिकला नाही."

"मंग?"

"थो तुही बोटं पायते."

मी वळून पाहिलं. ते बाजेवरून पुढे वाकले होते. "तू बटन दाबते अन् लगेच थ्याचा गडी पाय वळवते. चेंडू तं आजून जाग्यावरच राह्यते. मी पायाकडंच पाहून राह्यलो दोन दिवसापासून. बैल बी वळायच्या आंधी पाय फिरवते."

मला राग आला. गेमचा ग माहीत नसलेला माणूस मला शिकवतोय म्हणून आला, आणि सकाळची गोळी त्या दिवशीही न्हाणीत गेली होती म्हणून जास्त आला. पण मी करून पाहिलं. डावीकडचा डाव निवडला आणि चेंडू उचलण्याआधी तो रद्द करून उजवीकडचा घेतला. बटण दाबताक्षणी त्याच्या कडेच्या गड्याचे पाय डावीकडून उजवीकडे फिरले. परत रद्द केलं, परत फिरले. वीस वेळा केलं. तो माझा खेळ बघतच नव्हता. मी काय निवडलं ते त्याला आतूनच कळत होतं, आणि तो त्याप्रमाणे उभा राहत होता. शेजारच्याच्या पेपरात बघून लिहिणाऱ्याला मी पहिला नंबर देऊन मोकळी झाले होते. मी रिपोर्ट मागे घेतला आणि नवा पाठवला. वरून एका ओळीचं उत्तर आलं, पाहतो म्हणून. मावसबहिणीचं आलं, "जरा आधी पाहिलं असतंस तर!" माझ्या सासऱ्यांनी पकडलं हे मी तिला सांगितलं नाही.

संक्रांतीला मी गोळी तिळगुळाच्या लाडवात घातली. चांगला मोठा लाडू वळला, मधोमध गोळी. त्यांनी लाडू तोंडात घातला, निवांत चघळला, जिभेने गोळी वेगळी काढून खिडकीच्या चौकटीवर ठेवली आणि उरलेला लाडू खाऊन टाकला.

"चाळीस वर्षं बैलायले औषध चारलं म्या," ते म्हणाले. "ढेपीत घालून, गुळात घालून, कणकेच्या गोळ्यात घालून. अन् तू मले गुळात घालून देते काय वं?"

त्या दिवशी ते खुशीत होते, म्हणून बोलले. त्यांच्याकडे एक तांबडा बैल होता. जंताचं औषध द्यायचं म्हणून त्यांनी ते ढेपीत, म्हणजे सरकीच्या पेंडीत घातलं, तर त्याने ढेप खाल्ली आणि औषध गव्हाणीत टाकलं. कणकेत घातलं तर कणीक हुंगूनच मान फिरवली. शेवटी दोघा गड्यांनी धरलं, मान वर केली आणि बांबूच्या नळीने औषध घशात ओतलं.

"गेलं पोटात. पण मंग थो मह्याजवळ येईना. हात लावला का आंग चोरे. पेंड खाये तं मी दूर गेल्यावर."

"मंग काय केलं तुम्ही?"

"सांगीन कधी. तू तुहा खेळ पाय, थे लोकं खोळंबले."

मी वहीत लिहिलं: तिळगुळ, एकही दिवस नाही.

फेब्रुवारीत गेमची नवी आवृत्ती आली. आता म्हणे हा खरंच शिकतो, बटणं बघत नाही, आणि काल काय झालं ते आज लक्षात ठेवतो. ते बऱ्यापैकी खरं होतं. सोमवारी मी ज्या डावाने त्याला हैराण केलं त्या डावाची मंगळवारी तो वाट पाहत असायचा. आणि तो मला भराभर हरवत सुटला. एका दिवशी लागोपाठ तीन मॅच हरले. डोकं ठणकत होतं, हात जड झाले होते. चौथ्या मॅचला मात्र जमू लागलं. त्याच्या गड्याच्या हातून चेंडू सुटला, दुसरा पाय घसरून पडला, मी थेट शेवटच्या रेषेपर्यंत पळत गेले. मी मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी हसले असेन.

"सोडलं थ्यानं तुले," मामाजी म्हणाले. "थकली म्हणून सोडलं."

मी तपासलं, तर तेही बरोबर निघालं. खेळणारा फार हरू लागला की तो मुद्दाम ढिला पडतो, म्हणजे माणूस वैतागून गेम बंद करत नाही. मी ते शेवटच्या रकान्यात लिहिलं आणि खाली लिहिलं की हे मला आवडलं नाही. कुणी वाचलं नाही ते बरंच झालं.

मग तो मार्चमधला दिवस. त्याच्याबद्दल लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. आदल्या दिवशी वांदरांनी खांबावरची नेटची तार लोंबकळून तोडली होती. रिपोर्ट अडकला होता, मावसबहिणीचे फोनवर फोन. ऊन तापायला लागलेलं. सकाळपासून मला गरगरत होतं, ओट्याला धरून मी पोळ्या लाटल्या. पाच दिवस मामाजींच्या पोटात गोळी गेली नव्हती. मी चहा घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा खाली आलाय. ते मला आजही सांगता येणार नाही, खरंच आला होता की मला दिसला. मी म्हटलं, घ्या. ते म्हणाले, नोको. मी म्हटलं, मामाजी, पाया पडते, घ्या. त्यांनी तोंड मिटलं.

मी त्यांचा जबडा धरला. डाव्या हाताने हनुवटी, अंगठा गालात, आणि दाबून तोंड उघडलं. गोळी जिभेच्या मुळाशी ढकलली, पाणी ओतलं आणि ते गिळेपर्यंत हात काढला नाही. त्यांनी हात वर केला नाही, मला ढकललं नाही. ठसका लागला, पाणी सदऱ्यावर सांडलं. गोळी पोटात गेली. मी हात काढला तेव्हा गालावर माझ्या अंगठ्याची खूण उमटली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून ते आडवे झाले. मला स्वतःची किळस आली. मी स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्यावर बसून रडले आणि दहा वाजता तोंड धुऊन मॅच सुरू केली, कारण तार जोडायला माणूस आला होता.

पुढचे दोन दिवस त्यांनी गोळी घेतली. मी हात पुढे करायच्या आत तोंड उघडत, गिळत, न सांगता जीभ वर करून दाखवत. न्हाणीत जाऊन मी पाहिलं, उशी पाहिली, कुंडी पाहिली. कुठेही काही नाही. पण ते माझ्याशी बोलत नव्हते. मी चहा ठेवला की मी आत जाईपर्यंत कपाला हात लावत नव्हते. मी खेळत असताना मागे बाज करकरत नव्हती, कारण ते टीव्हीकडे पाठ करून निजत होते. वहीत मला लिहायला पाहिजे होतं की दोन दिवस घेतली. मी वही उघडली आणि तशीच मिटली. जिंकले होते ना मी. मला तो ढिला पडलेला कम्प्युटर आठवत होता आणि नळीने औषध पाजलेला तो तांबडा बैल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी आणि पाणी घेऊन गेले तर ते बाजेवर उठून बसले होते. तोंड उघडलं नाही. मीही हात पुढे केला नाही. पेला घेऊन त्यांच्या पायाशी खाली बसले.

"चुकलं माझं, मामाजी," मी म्हटलं.

ते म्हणाले, "थ्या बैलाचं राह्यलं सांगाचं."

"सांगा."

"आठ दिवस थो मले हात लावू देईना. मंग मी एक दिवस गव्हाणीपाशी बसलो. ढेपीचा खडा घेतला अन् आंधी सोता खाल्ला. थ्याच्या समोर. कडू लागते ढेप, पण खाल्ला. दुसऱ्या दिवशी बी खाल्ला. तिसऱ्या दिवशी थ्यानं मह्या हातातून घेतला. औषध होतं थ्याच्यात. थ्याले माहीत होतं का औषध हाय. तरी घेतलं. जनावर तू काय सांगते थे नाही पायत. तू सोता काय करते, थे पायते."

मला वाटलं, ते जबड्याबद्दल बोलतायत. मी मान खाली घातली.

"फ्रिजवर तुही पट्टी हाय," ते म्हणाले.

मी उठले. फ्रिजवर लाइट बिलं, रबरबँडं, देवाची जुनी दिनदर्शिका, आणि तिच्याखाली माझ्या गोळ्यांची पट्टी. धूळ बसलेली. पंधराची पट्टी. मी अंगठ्याने रिकामे खळगे मोजू लागले. मोजायची सवय मला लागलेलीच होती. एक ओळ झाली, दुसरी झाली. अकरा रिकामे. चार गोळ्या शिल्लक.

अकरा दिवस. वहीतली पहिली ओळ मला पाठ होती.

"मी रोज उठून पायत होतो," मागून ते म्हणाले. "तू आत राह्यली का पायत होतो. तू घेतली तं मी घेतली. तुही जाग्यावरून हलली नाही, तं म्हटलं चाला, आता सुटलो. सुनंले लागत नाही तं मले कायले पायजे?"

"मामाजी, मले काही झालं नाही. झटका तुमाले आला."

"भिताडाले धरून चालते तू. मी काय आंधळा होय?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, आणि लगेच उतरला. "तुही सासू बी असंच म्हणे. सगळ्यायचं करत होती. तू पडली तं मले कोन पाह्यते वं? पोरगा शनवारी येते."

मी तिथेच फ्रिजला टेकून उभी राहिले. पाच महिने मी लाडवात, वरणात, फोनवर डाव टाकत होते आणि कितव्या दिवशी समोरचा बदलतो ते वहीत लिहीत होते. ते माझा एकही डाव पाहत नव्हते. ते पट्टी पाहत होते. हे मला माझ्याच टीव्हीसमोर, माझ्याच पाठीमागून एकदा सांगितलं गेलं होतं आणि मी ते फक्त रिपोर्टात लिहिलं होतं.

बाहेर दूधवाल्याने हॉर्न वाजवला. मी गेले नाही. पट्टीवरची धूळ पदराने पुसली आणि बारावी गोळी काढली. ती हातात घेऊन बाजेपाशी आले. दुसऱ्या हातात त्यांची गोळी होती. दोन्ही पांढऱ्या, माझी जरा लहान.

मी त्यांची पुढे केली.

"आंधी तू," ते म्हणाले.

मी माझी तोंडात टाकली. पेला त्यांच्यासाठी आणला होता, त्यातलंच पाणी प्याले. डोळ्यांतून पाणी आलं, ते गोळी मोठी होती म्हणून नाही. मी पेला त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी पेला घेतला नाही. वाकून अगदी जवळून, त्या खेळातल्या गड्यांच्या पायांकडे बघायचे तसं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तोंड उघड," ते म्हणाले. "जीभ वर कर."

मी केली.